सातच्या आत, कोणत्या घरात?

रविवारी संध्याकाळी पावणेसातच्या सुमारास कोथरूडमधल्या एका सोसायटीच्या गेटाशी स्कूटर थांबते. मागून नऊ वर्षांचा मुलगा उतरतो. पाठीला दप्तर, हातात कापडी पिशवी, वरच्या ओठावर उसाच्या रसाची वाळलेली मिशी. वॉचमन टॅबलेट पुढे करतो. आत येणाऱ्या माणसाचे त्यात चार प्रकार आहेत: डिलिव्हरी, कॅब, घरकाम, पाहुणे. स्कूटरवाला गृहस्थ मुलाचा सख्खा बाप आहे आणि यातला एकही रकाना त्याचा नाही. ‘पाहुणे’ दाबलं की तिसऱ्या मजल्यावर फोन वाजतो आणि तो कुणी घ्यायचा यावर वर विचारविनिमय सुरू होतो. तेव्हा वॉचमन आता न विचारता ‘डिलिव्हरी’ दाबतो.

चूक नाही म्हणा. नग एक, वेळेत, न फुटता पोचवायचा. पोच म्हणून व्हॉट्सॲपवर एक शब्द येतो: ‘आला.’ त्यावर उलट टपाली अंगठा.

वर कोण कोण आहे ते आधी सांगायला हवं, कारण तिथली लोकसंख्या शुक्रवारी घटते आणि रविवारी वाढते. मुलाची आई. आईचे दुसरे यजमान, ज्यांना मुलगा ‘काका’ म्हणतो. काकांची पहिल्या लग्नाची बारा वर्षांची मुलगी. ती एक आठवडा सोडून तिच्या आईकडे ठाण्याला जाते. दोघांची मिळून झालेली चार वर्षांची धाकटी, जी कुठेच जात नाही (तिच्याकडे नंतर येऊ). आणि काकांची आई, म्हणजे सगळ्यांची आजी. सोमवारी दुधाच्या पिशव्या किती घ्यायच्या, याला अशा घरात कायमचं उत्तर नसतं. फ्रिजशेजारच्या कॅलेंडरवर संकष्टी-एकादशीच्या जोडीला निळ्या पेनाने ‘तो नाही’ आणि हिरव्या पेनाने ‘ती नाही’ असं लिहिलेलं असतं. महिन्यातून एखादाच चौकोन असा निघतो की त्यात दोन्ही रंग आहेत. त्या दिवशी आई आणि काका धाकटीला आजीपाशी ठेवून सिनेमाला जातात. हे घर नमुन्याचं आहे. थोड्याफार फरकाने ते ठाण्यात, नाशकात, कुठेही सापडेल.

कायद्याची मराठी या बाबतीत फार कोरडी. बिल्डर फ्लॅटचा ताबा देतो, पोलीस आरोपीला ताब्यात घेतात, ड्रायव्हरचा गाडीवरचा ताबा सुटतो, आणि मुलाचाही ताबाच. सुप्रीम कोर्टाने १९७३ सालीच रोझी जेकब खटल्यात सांगून ठेवलं आहे की मुलं ही आईबापांची चीजवस्तू नव्हेत आणि खेळणीही नव्हेत; पण शब्द काही बदलला नाही. भेटीला मात्र वकिलापासून आजीपर्यंत सगळे ‘ॲक्सेस’ म्हणतात. ‘या शनिवारी ॲक्सेस आहे’ हे वाक्य आजी ‘या शनिवारी प्रदोष आहे’च्या चालीवर म्हणते.

मुलाने कुणाकडे राहावं याबद्दल कायदे बरंच बोलतात. १८९० चा पालक आणि पाल्य कायदा मुलाचं हित बघायला सांगतो. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याचं २६ वं कलम शक्य तिथे मुलाची इच्छाही लक्षात घ्या म्हणतं. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व आणि पालकत्व कायद्यानुसार पाच वर्षांखालचं मूल सर्वसाधारणपणे आईकडे राहतं. या शेवटच्या कायद्याच्या सहाव्या कलमाखाली एक छोटंसं स्पष्टीकरण आहे: इथे ‘वडील’ आणि ‘आई’ म्हणजे सावत्र वडील आणि सावत्र आई नव्हेत. म्हणजे ज्या काकांनी मुलाला सायकल शिकवताना स्वतःचा गुडघा फोडून घेतला, पालकसभेसाठी अर्धी रजा टाकली आणि थालीपिठात भोपळा कळू न देता कसा किसून घालायचा याचं तंत्र शोधून काढलं, ते काका कलम सहाच्या नजरेत शेजारी.

२०२२ मध्ये अकेल्ला ललिता यांच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने या नात्याकडे जरा मायेने पाहिलं. पती वारल्यावर बाईंनी दुसरं लग्न केलं होतं. मुलाच्या कागदपत्रांत नव्या वडिलांचं नाव ‘सावत्र वडील’ असं लिहा, हा उच्च न्यायालयाचा आदेश सुप्रीम कोर्टाने जवळजवळ क्रूर आणि अविचारी ठरवला. मुलाचं आडनाव ठरवायचा हक्कही आईचाच, असं सांगितलं. मात्र तिथे पहिले वडील हयात नव्हते, त्यामुळे रविवार संध्याकाळचा प्रश्नच नव्हता. इथे ते हयात आहेत, हडपसरला राहतात आणि स्वारगेटच्या सिग्नलला अडकतात.

परतण्याबद्दल आदेशात एकच ओळ असते: रविवारी सायंकाळी सातपर्यंत मुलास आणून सोडावे. सात वाजून पाच मिनिटांनी काय होतं, त्यावर ना कलम ना परिशिष्ट.

अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात तर यासाठी जवळजवळ पंचांगच आहे. दोघांचं एकमत होत नसेल तर कायद्यातच तयार वेळापत्रक: महिन्याचा पहिला, तिसरा आणि पाचवा शुक्रवार, संध्याकाळी सहापासून रविवारी संध्याकाळी सहापर्यंत, शाळा चालू असेल तर गुरुवारी सहा ते आठ. मदर्स डेचे शनिवार-रविवार आईकडे, फादर्स डेचे वडिलांकडे, मग पाळी कुणाची का असेना. पाचवा शुक्रवार तर आपल्या अधिक महिन्यासारखा, मधूनच उगवणारा. थँक्सगिव्हिंग आणि नाताळची वाटणी त्यात तपशीलवार आहे. गणपतीचा उल्लेख नाही. डॅलस-ह्यूस्टनच्या मराठी घरांनी दीड दिवसाच्या गणपतीतले पाऊण-पाऊण दिवस आपापसात वाटून घ्यायचे.

तर, सात वाजून पाच मिनिटं. दार उघडतं आणि एका दमात चार प्रश्न येतात. ‘जेवलास का?’ ‘काय जेवलास?’ ‘तिकडे कोण कोण होतं?’ आणि चौथा, अत्यंत निरागस आवाजात: ‘मग, मजा आली?’

यातलं ‘तिकडे’ हे प्रकरण लक्षात घेण्यासारखं आहे. पूर्वी नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही म्हणून बायका त्याला ‘इकडे’ म्हणत. आता पहिल्या नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही म्हणून त्याला ‘तिकडे’ म्हणतात. नवरा आजी असो की माजी, त्याच्या नशिबी क्रियाविशेषणच.

चौथा प्रश्न कठीण असतो. ‘खूप मजा आली’ म्हटलं की आईचा चेहरा पडतो आणि ती ‘छान, छान’ म्हणत ओटा पुसायला लागते, जो आधीच पुसलेला असतो. ‘नाही आली’ म्हटलं की तोच चेहरा उजळतो, पण लगेच चौकशी समिती बसते. दोन-चार रविवार असे काढल्यावर मुलाला उत्तर सापडतं: ‘ठीक.’ परराष्ट्र खात्याच्या प्रवक्त्याला जे साधायला वीस वर्षं लागतात, ते नऊ वर्षांच्या पोराला तिसऱ्या महिन्यात साधतं. गंमत अशी की शुक्रवारी रात्री हडपसरलाही हेच चार प्रश्न विचारले जातात आणि तिथेही उत्तर ‘ठीक’च असतं. दोन्ही घरांना मग काळजी वाटते की हल्ली हा बोलत नाही, त्या लोकांनी कान भरले असणार.

खरं म्हणजे दोन घरांत ये-जा करणाऱ्या माणसाचं मराठी घराला नवल वाटायला नको. पिढ्यान्‌पिढ्या निम्मी प्रजा अशीच जगली. पंचमीला, दिवाळीला मुऱ्हाळी यायचा, लेकीला माहेरी न्यायचा आणि ठरल्या दिवशी परत आणून घालायचा. परतलेली सून दोन दिवस कोमेजलेली असायची. आमटीत माहेरच्या सवयीने गूळ जास्त पडायचा, हाक मारली की दुसऱ्यांदा ऐकू यायची. आणि सासवा दोन प्रकारच्या असत. पहिली गाठोडं दारातच सोडायची आणि ‘एवढंच दिलं होय?’ म्हणायची. दुसरी म्हणायची, ‘पाय धू, पाणी पी, पड जरा.’ १९८४ च्या कुटुंब न्यायालय कायद्याने कोर्टात समुपदेशकांची सोय केली, आणि समुपदेशक आज तासभर समोर बसवून जे सांगतात (आल्याआल्या उलटतपासणी नको, निरोप्या म्हणून वापर नको, एका घरातून दुसऱ्या घरात शिरायला त्याला थोडा वेळ द्या) ते त्या दुसऱ्या सासूने तीन क्रियापदांत उरकलं होतं. फरक एवढाच की सुनेला वेशीपर्यंत डोळे पुसत यायची मुभा होती. मुलाने मात्र दोन्ही दारांत हसतमुख उतरायचं असतं.

पण कोथरूडच्या आईला आपण पहिल्या सासूच्या जागी उभ्या आहोत हे पटणार नाही. तिच्या मते ती फक्त धुवायचे कपडे काढतेय. त्यासाठी दप्तर उघडावं लागतं. कस्टडी आणि कस्टम्स हे शब्द शेजारी शेजारी का, ते अशा वेळी कळतं. एक मोजा निघतो (दुसरा हडपसरला, अशा मुलांचे मोजे आयुष्यभर विभक्त राहतात). प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधलेली ओली स्विमिंगची चड्डी. परक्या साबणाचा वास मारणारा टॉवेल. एक कोरा टी-शर्ट, ज्याचं किमतीचं लेबल काढायचं ‘राहून गेलं’ आहे. दोन टूथब्रश, दोन कंपासपेट्या, दोन चपलांचे जोड अशी दुहेरी तजवीज दोन्ही घरांनी केलेली असते, पण भूगोलाची वही जगात एकच असते आणि रविवारी ती कायम चुकीच्या घरात असते. साडेनऊला ते लक्षात येतं. मग हडपसरहून वही पार्सल नेणाऱ्या पोराच्या पाठीवरून निघते, साडेदहाला गेटाशी येते, आणि वॉचमनची ‘डिलिव्हरी’ अखेर एकदा खरी ठरते.

कापडी पिशवीत डबा असतो. त्याच्यावर स्वतंत्र लिहायला हवं.

डबा स्टीलचा, दोन किलोचा, कडीचा. झाकणावर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं आहे: वधूचं नाव, वराचं नाव, लग्नाची तारीख आणि देणाऱ्या आत्याबाईंचं नाव. ते लग्न मोडलं. फ्लॅट, गाडी, दागिने, विम्याच्या पॉलिसी यांची वाटणी परस्परसंमतीच्या कागदावर झाली. डब्याचं नाव काढायचं कुणाला सुचलं नाही. पहिल्या दिवाळीत आईने त्यातून मुलासाठी बेसनाचे लाडू हडपसरला पाठवले. आता दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करायचं नाही, हा मराठी घराचा नियम कुठल्याही कोर्टाच्या आदेशाहून कडक. तिकडच्या नव्या सूनबाईंनी तो डबा चिवडा भरून परत पाठवला. मग इकडून चकल्या. तिकडून नारळाच्या वड्या. इकडून मेथीचे लाडू, जे मुलाला आवडत नाहीत हे दोन्ही घरांना माहीत आहे. ज्या दोन बायकांचं एकमेकींशी एक अक्षर बोलणं नाही, त्यांचा पत्रव्यवहार गेली काही वर्षं असा डाळीच्या पिठातून चालू आहे. पहिला चिवडा आला तेव्हा ‘खोबरं जास्त तळलंय’ असा शेरा कोथरूडला पडला. मंगळवारी डबा रिकामा होता. रात्री साडेअकराला स्वयंपाकघरात उभे राहून काकांनी तो संपवला होता, समोर झाकणावरची ती दोन नावं आणि तारीख वाचत.

आजीची पद्धत वेगळी. ती काही विचारत नाही. ती मीठ, मोहरी आणि सुक्या मिरच्या मुठीत घेऊन मुलाला दारातच उभा करते. मिरच्यांचा ठसका उठला नाही, तर दृष्ट जबर होती असं समजायचं. ठसका कधीच उठत नाही, कारण आजी मिरच्या जुन्या वापरते. ‘बघ, किती लागली होती!’ असं ती दर पंधरवड्याला खिडकीकडे, म्हणजे साधारण हडपसरच्या दिशेला, बघत म्हणते. मुलाने एकदा सहज सांगितलं की तिकडची आजीही निघताना हेच करते. इथली लागलेली तिथे निघते, तिथली लागलेली इथे निघते. इतका दृष्टमुक्त मुलगा अख्ख्या पुणे जिल्ह्यात नसेल.

या सगळ्या गलबल्यात काका कुठे असतात? शहाणे असतील तर दळण आणायला गेलेले असतात. सुरुवातीला ते शहाणे नव्हते. पहिल्याच वर्षी एका रविवारी त्यांनी दार उघडून ‘या साहेब!’ म्हणत हात पुढे केला आणि मुलगा तो हात टाळून त्यांच्या कोपराखालून आत गेला. ‘नमस्कार नाही, चमत्कार नाही, बूट तरी जागेवर ठेव,’ काका म्हणाले. पुढचा पाऊण तास बाथरूमचं दार आतून बंद होतं. मोठ्यांना तो उद्धटपणा वाटला. मुलाचा हिशोब सरळ होता: ज्याला आत्ता गेटाशी सोडून आलो तो अजून हेल्मेट घालतोय, एवढ्यात दुसऱ्याशी हसायचं कसं? सावत्र कुटुंबांबरोबर अनेक वर्षं काम केलेल्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ पॅट्रिशिया पेपरनाऊ यांचा सल्ला असा की सावत्र पालकाने आधी नातं जमवावं. शिस्तीचं खातं, निदान सुरुवातीला, सख्ख्याकडे ठेवावं. काकांनी त्यांचं पुस्तक वाचलेलं नाही. पण तेव्हापासून रविवारी सातला त्यांचं दळण निघतं. गहू नसले तर ज्वारी. आठ वाजता ते परततात, पिठाचा डबा ठेवतात आणि कुणाकडेही न बघता टीव्हीवर क्रिकेट लावतात. साडेआठला मुलगा सोफ्याच्या दुसऱ्या टोकाला येऊन बसतो. नऊला टोक जरा अलीकडे सरकलेलं असतं.

आठवड्यात फोनही असतो. २०२० मध्ये यशिता साहू खटल्यात सुप्रीम कोर्टाने म्हटलं की ज्या पालकाकडे ताबा नाही त्याला मुलाशी रोज पाच-दहा मिनिटं बोलता यायला हवं, आणि सोय असेल तर व्हिडिओ कॉल सर्वांत चांगला. या घरी कॉल नेमका जेवणाच्या वेळी येतो. फोन लोणच्याच्या बरणीला टेकवतात. मुलगा जेवता जेवता बाबांशी बोलतो आणि बाकीचे सगळे चौकटीबाहेर मुकाट घास गिळत राहतात. ‘भात वाढू?’ हे काका हाताच्या खुणेने विचारतात, मुलगा भुवईने ‘थोडा’ म्हणतो. पलीकडे हडपसरलाही कुणीतरी चौकटीबाहेर खुणा करत असणार, कारण बाबा मधूनच हवेकडे बघून मान हलवतात.

सावत्र आईबापांच्या गोष्टी आपल्याकडे ढिगाने आहेत, पण त्या बहुतेक जाण्याच्या. कैकेयीने धाडलं, सुरुचीने ढकललं. ध्रुवाची गोष्ट सगळे अर्ध्यावर सोडतात. पाच वर्षांचा मुलगा, वडिलांच्या मांडीचा ॲक्सेस नाकारला गेला, खालच्या कोर्टात न जाता थेट सर्वोच्च ठिकाणी अर्ज केला, वकील न लावता, आणि निकाल मिळाला तो कायमचा. इथवर सगळ्यांना पाठ असतं. पण भागवतात तो परत येतो त्याचंही वर्णन आहे. उत्तानपाद राजा वाजतगाजत सामोरा गेला. पायाशी वाकलेल्या ध्रुवाला सुरुचीने, होय, त्याच सुरुचीने, उचलून पोटाशी धरलं आणि आशीर्वाद दिला. मग ध्रुव आणि सावत्र भाऊ उत्तम या दोघांना एकाच हत्तिणीवर बसवून नगरात नेलं. वनात काय खाल्लंस, कोण कोण होतं, असं कुणी विचारल्याचा दाखला नाही. ध्रुवाकडे दप्तर नव्हतं ही त्यातली सोयीची बाजू.

हत्तीण कोथरूडला परवडणारी नाही, आणि भावंडांचा हिशोबही तिथल्यापेक्षा गुंतागुंतीचा आहे. इंग्रजीत ‘स्टेप’ आणि ‘हाफ’ असे दोन कप्पे आहेत. मराठीत दोघांनाही सावत्रच म्हणायचं आणि त्या शब्दात पुन्हा सवत लपलेली. मुलगा हा शब्द वापरत नाही. त्याला तीन बहिणी आहेत एवढंच तो सांगतो: एक बारा वर्षांची, जिचा त्याच्याशी रक्ताचा संबंध शून्य, एक घरातली धाकटी, आणि एक हडपसरला, नुकती चालायला लागलेली. राखीपौर्णिमेला तो दोन घरं फिरून मनगटभर राख्या मिरवतो तेव्हा वर्गातली पोरं जळतात. भाऊबीजेला तोच हिशोब उलटा फिरतो. दिवाळीची सुट्टी कागदावर दोन सारख्या भागांत वाटलेली आहे, पण भाऊबीज कोणत्या भागात पडेल ते तिथी ठरवते, न्यायाधीश नव्हे. तेव्हा सकाळी एकीकडे, संध्याकाळी दुसरीकडे, आणि ओवाळणी तिघींना. गेल्या वर्षी त्याने बाबांकडून दीडशे आणि काकांकडून दीडशे घेतले, प्रत्येक बहिणीच्या ताटात पन्नास टाकले आणि उरलेल्या दीडशेबद्दल दोन्ही घरांत अवाक्षर काढलं नाही. माहिती इकडची तिकडे करायची नाही, हे त्याला मोठ्यांनीच शिकवलं होतं.

राहिली धाकटी. चार वर्षांची. तिच्या डोळ्यांदेखत दर पंधरवड्याला दादा बॅग भरतो, स्कूटरवर बसतो, उसाचा रस पिऊन येतो, वर खाऊचा डबा. ताईही बॅग भरते, ठाण्याहून नवे क्लिप घेऊन येते. हिला मात्र एकच घर आणि एकच बाबा. ‘मी कधी जाणार माझ्या दुसऱ्या घरी?’ असं तिने विचारलं तेव्हा आई हसली, आजीने कानावर हात ठेवले आणि काकांनी दळणाचा डबा उचलला, शुक्रवार असूनही.

त्या शुक्रवारी दादाच्या मागोमाग तीही गेटाशी गेली. पाठीला बालवाडीचं दप्तर, त्यात एक फ्रॉक, अर्धं बिस्कीट आणि टीव्हीचा रिमोट. वॉचमनने टॅबलेटकडे पाहिलं आणि बाजूला ठेवला. दादाचे बाबा स्कूटर स्टँडवर लावून उभे होते. दादा म्हणाला, ‘ही पण येते म्हणतेय.’ बाबांनी वर तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीकडे पाहिलं. तिथे कुणीतरी कपडे काढण्यात फार गुंतलं होतं. मग त्यांनी धाकटीला पुढे उभं केलं, दादाला मागे बसवलं आणि सोसायटीला एक पूर्ण फेरी मारली, ट्रान्सफॉर्मरपासून पाण्याच्या टाकीपर्यंत आणि परत. गेटाशी उतरल्यावर तिने दप्तर सावरलं आणि तिसरा मजला चढून एकटीच घरी आली.

‘मजा आली?’ आईने विचारलं.

‘ठीक,’ ती म्हणाली आणि रिमोट जागेवर ठेवायला गेली.